मूल एका हाताचा खेळ खेळतंय? उजव्या-डाव्या बाजूचं गणित घरच्या घरी कसं सांभाळायचं

एप्रिल लागला की पुण्यात घराघरातून किट बॅगा बाहेर पडतात, कोणाची बालेवाडीला, कोणाची डेक्कनला, कोणाची सणस मैदानावर, आणि जून येईपर्यंत त्यातली बरीच मुलं "सर म्हणाले दम आहे पोरात, रेग्युलर बॅचला टाका" एवढ्या एका वाक्यावर पक्की खेळाडू होऊन जातात. हा लेख त्यांच्या आईबाबांसाठी. म्हणजे ज्यांना खेळातलं फारसं कळत नाही, बॅचची फी भरलीये, शूज घेतलेत, आणि आता मुलाचा एक खांदा खाली दिसायला लागलाय म्हणून रात्री गूगल करत बसलेत.

मी फिजिओ आहे, कोथरूडला असते, माझ्याकडे येणाऱ्या शाळकरी खेळाडूंमध्ये बॅडमिंटन, टेनिस, फास्ट बॉलिंग आणि भालाफेकवाले सगळ्यात जास्त. ह्या सगळ्या खेळांत एकच हात मारतो किंवा फेकतो, एकच पाय पुढे जातो, आणि हे दिवसात शेकडो वेळा होतं. आईबाबांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "मॅडम, वाकडा तर नाही ना होणार हा?"

नाही होणार. पण प्रश्नच जरा चुकीच्या जागी आहे. दोन्ही बाजू एकसारख्या करायच्या हे आपलं काम नाहीच, ते होतही नाही. आपण बघायचं ते हे, की फरक वाढत चाललाय का, त्यातून दुखायला लागलंय का, आणि आठवड्याचं खेळणं एकूण किती होतंय. ह्यातलं तिसरं कोणी मोजत नाही आणि घोळ बहुतेक तिथेच असतो.

आधी हे मान्य करा: थोडा फरक असणारच

१९७७ साली व्यावसायिक टेनिस खेळाडूंच्या दंडाच्या हाडांचे एक्स-रे काढून एक अभ्यास झाला होता, त्यात पुरुषांच्या खेळणाऱ्या हाताच्या हाडाची भिंत दुसऱ्या हातापेक्षा साधारण एक तृतीयांशाने जाड निघाली. हा आजार नव्हे. हाडावर जोर पडतो म्हणून हाड मजबूत होतं, आणि वयात यायच्या आधीपासून खेळणाऱ्यांत हा फरक जास्त दिसतो. तसंच लहानपणापासून ओव्हरहेड मारणाऱ्या किंवा फेकणाऱ्या मुलांचा तो हात मागे जास्त वळतो आणि आत कमी वळतो, कारण वाढत्या वयात दंडाचं हाडच थोडं पिळलेलं राहतं. आता हाडच तसं घडलंय म्हटल्यावर कितीही स्ट्रेचिंग केलं तरी ते बदलणार नाही, उगाच पोराचा हात पिरगाळू नका.

त्यामुळे "आता महिनाभर डाव्या हाताने खेळ" हा जो सल्ला सोसायटीतले काका देतात ना, तो सोडून द्या. सचिन लिहितो डाव्या हाताने आणि बॅटिंग केली आयुष्यभर उजव्या हाताने, त्याने काही बिघडलं नाही. वॉर्मअपमध्ये दुसऱ्या हाताने दहा शॅडो (म्हणजे शटल-बॉल नसताना नुसती मारण्याची नक्कल) मारले तर छान, मुलांना मजा येते, पण तो उपाय नव्हे.

कोणत्या खेळात कुठे लागतं, ते ओळखा

इथे लोक सगळ्यात जास्त फसतात. समज असा की ज्या हाताने खेळतो तीच बाजू दुखणार. बऱ्याचदा उलटं असतं.

फास्ट बॉलिंग घ्या. उजव्या हाताने टाकणाऱ्या मुलाचा पुढचा म्हणजे डावा पाय जमिनीवर आपटतो तेव्हा शरीराच्या वजनाच्या पाच-सहा पट जोर येतो, आणि त्याच क्षणी कंबर मागे वाकलेली, डावीकडे झुकलेली आणि वळत असते. ह्या तिन्ही गोष्टी एकदम, दर बॉलला. म्हणून स्ट्रेस फ्रॅक्चर होतं ते कंबरेच्या खालच्या मणक्यांत आणि बहुतेक वेळा डाव्या बाजूला, म्हणजे बॉलिंगच्या हाताच्या विरुद्ध. हे अचानक मोडणं नसतं, हाडाला रोज बारीक बारीक इजा होते आणि ती भरून यायच्या आत दुसऱ्या दिवशीची प्रॅक्टिस येते. बुमराला २०१९ मध्ये कंबरेचं स्ट्रेस फ्रॅक्चर झालं, २०२२ चा टी-ट्वेंटी वर्ल्ड कप पाठीमुळे हुकला आणि २०२३ मध्ये ऑपरेशन करावं लागलं, हे सगळ्यांना पाठ असतं. पण त्याच्या मागे तेव्हाही फिजिओ, ट्रेनर, सगळा ताफा होता. आपल्या चौदा वर्षांच्या मुलाचं तर हाड अजून पिकलेलंही नाही, मणक्याची ती जागा पूर्ण घट्ट व्हायला विशी उजाडते.

बॅडमिंटनमध्ये (हो, जो खेळ एकेकाळी 'पूना' ह्या नावानेच खेळला जायचा तोच) उजव्या हाताचा खेळाडू नेटकडे झेपावतो तो उजव्या पायावर, म्हणून उजवा गुडघा आणि उजव्या मांडीचा पुढचा भाग थकतो. पण शटल बॅकहँडच्या कोपऱ्यात गेलं आणि मागे जात वरून मारलं की उतरताना सगळा भार एकट्या डाव्या पायावर येतो, आणि गुडघ्याचा लिगामेंट (सांधा बांधून ठेवणारा पट्टा) तुटायच्या बऱ्याच घटना ह्याच उतरण्यात होतात. सिंधू उजव्या हाताने खेळते, आणि २०२२ च्या बर्मिंगहॅम कॉमनवेल्थला गोल्ड घेतलं तेव्हा स्ट्रेस फ्रॅक्चर डाव्या पायाला होतं.

टेनिसमध्ये सर्व्हचा खांदा, कोपराची आणि मनगटाची बाजू, शिवाय पोटाचा आणि कंबरेचा स्नायू. भालाफेकीत खांदा आणि कोपराची आतली बाजू, नीरज चोप्राचं २०१९ मध्ये उजव्या कोपराचं ऑपरेशन झालं होतं आणि दोन वर्षांनी टोकियोला गोल्ड आलं. टेबल टेनिसमध्ये वाकून उभं राहणं आणि एकाच बाजूला कंबर फिरवणं. एवढं पुरे.

आता एक वही करा आणि पहिली मापं घ्या

दोनशे पानी वही, नाहीतर फोनमधल्या नोट्स. महिन्यातून एकदा, शक्यतो सुट्टीच्या दिवशी सकाळी, आदल्या दिवशी जोरदार मॅच झालेली नसताना. अर्धा तास लागतो. मूल कंटाळतं, त्याला मिसळीचं आमिष दाखवा.

उंचीपासून सुरू करा. भिंतीला टाचा लावून, पेन्सिलची खूण, तारीख. हे का ते पुढे येतंच.

मग पाठीचा फोटो. मुलगा असेल तर उघड्या अंगाने, मुलगी असेल तर आईने घट्ट बनियनवर, दर वेळी त्याच भिंतीसमोर तेवढ्याच अंतरावरून. मग पाय जोडून, गुडघे ताठ ठेवून, हात जोडून खाली वाकायला सांगा आणि मागून पाठीच्या रेषेत बघा. वाकल्यावर पाठीची एक बाजू दुसरीपेक्षा स्पष्ट उंच, उंचवट्यासारखी दिसली तर कणा वळलेला असू शकतो, तेव्हा ऑर्थोपेडिक डॉक्टरांना दाखवा. उभं असताना नुसता खेळणारा खांदा बोटभर खाली असेल आणि वाकल्यावर पाठ सपाट दिसत असेल तर तो बहुतेक त्या हाताचे स्नायू जड झाल्याचा आणि खांदा सैल पडल्याचा प्रकार, त्याला व्यायाम पुरतो. ह्या दोन गोष्टींतला फरक बघता येणं हेच ह्या वाकण्याचं काम, त्यामुळे ते टाळू नका.

खांदा. हे नीट सांगते, कारण हे चुकीचं केलं जातं. मुलाला पलंगावर उताणं झोपवा, हात बाजूला काटकोनात, कोपर काटकोनात, बोटं छताकडे. आता हात मागे, म्हणजे डोक्याच्या बाजूला, सहज जाईल तेवढा जाऊ द्या. मग उलटं, म्हणजे आत, तळवा पायाच्या बाजूला खाली जाऊ द्या. हे दुसरं, आतलं वळण करताना तुमची दोन बोटं खांद्याच्या पुढच्या गोळ्यावर ठेवा. हात खाली जाता जाता एका क्षणी तो गोळा तुमच्या बोटांना वर ढकलायला लागतो, पलंगापासून खांदा उचलला जातो. तिथे थांबा. खरं माप तेवढंच, त्यापुढे हात गेला तो खांद्यातून नाही, पाठीतून गेलेला असतो. फोनमध्ये लेव्हल मोजायचं अ‍ॅप असतं, फोन हाताच्या मनगटाजवळच्या भागावर ठेवून कोन लिहून घ्या, दोन्ही हातांचे. खेळणारा हात आत कमी आणि मागे जास्त वळणार, ते ठीक. दोन्ही कोनांची बेरीज करा. ती बेरीज दोन्ही हातांची जवळपास सारखी असेल तर हाड तसं घडलंय, चिंता नको. आत वळणं दुसऱ्या हातापेक्षा वीसेक अंशांनी कमी आणि बेरीजही कमी, असं असेल तर खांद्याचा मागचा भाग आखडलाय, त्यावर काम करायचं. फोनने मोजताना पाच अंशांची चूक आरामात होते, म्हणून तीनदा मोजून मधला आकडा धरा.

पाय. जमिनीवर सरळ रेषेत मोजपट्टी चिकटवा. मुलगा अनवाणी एका पायावर, अंगठा शून्यावर, हात कंबरेवर. दुसऱ्या पायाने पट्टीवर पुढे जितकं लांब टेकवता येईल तितकं हलकेच टेकवून परत यायचं, टाच उचलायची नाही, त्या पायावर वजन टाकायचं नाही. तीन वेळा, मग पाय बदलून. अमेरिकेत शाळकरी बास्केटबॉल खेळाडूंवर २००६ मध्ये झालेल्या अभ्यासात दोन पायांत ४ सेंटिमीटरपेक्षा जास्त फरक असलेल्यांना पायाच्या दुखापती अडीच पट जास्त झाल्या. नंतर सगळ्या खेळांत तसाच निकाल आलेला नाही, म्हणून चार सेंटिमीटर म्हणजे लक्ष्मणरेषा नव्हे, पण एवढा फरक दिसला तर ज्या पायावर उभं राहून कमी पोचता आलं तो पाय जास्त बघायचा, इतकं नक्की.

मग जिन्याची पायरी. पायरीवर एका पायावर उभं राहून दुसरी टाच हळूच खाली जमिनीला लावून परत वर, पाच वेळा, समोरून व्हिडिओ. गुडघा पायाच्या मधल्या बोटाच्या रेषेत राहतो का आत पडतो, कंबर एका बाजूला लटकते का. हे व्हिडिओ स्लो मोशनमध्ये मुलालाच दाखवा, त्याला स्वतःला दिसलं की निम्मं काम होतं.

आणि बुटं उलटी करून बघा! बॅडमिंटनवाल्या उजव्या मुलाच्या डाव्या बुटाची अंगठ्याची आतली कड घासलेली असते, कारण उजव्या पायावर झेप घेताना मागचा डावा पाय ओढला जातो. तिथे भोक पडेपर्यंत बूट वापरायचे आणि मग "घोटा मुरगळला" म्हणून यायचं, हा प्रकार बंद करा.

ओझं मोजा, हे सगळ्यात महत्त्वाचं

वहीत दर आठवड्याला तास लिहा. अकॅडमी, शाळेची टीम, रविवारची मॅच, फिटनेस सेशन, शाळेतला पीटीचा तास पण. साधा नियम असा आहे की आठवड्यातले खेळाचे तास मुलाच्या वयापेक्षा जास्त नकोत, म्हणजे बारा वर्षांच्या मुलाला बारा तास. पुण्यात सकाळी साडेपाचची बॅच आणि संध्याकाळची बॅच दोन्ही लावलेली मुलं हा आकडा गुरुवारीच ओलांडतात. आठवड्यात एक दिवस तरी पूर्ण सुट्टी, आणि वर्षातून दोन-तीन महिने त्या एका खेळापासून लांब, हे बालरोगतज्ज्ञांच्या संघटना वर्षानुवर्षं सांगतायत. हे दोन-तीन महिने सलग नसले तरी चालतात, एकेक महिना करून घ्या.

बॉलिंगचं वेगळं मोजायचं, तासांत नाही, बॉलमध्ये. मॅचमध्ये स्कोअरर असतो, नेटमध्ये कोणीच नसतो, आणि मुलगा सगळ्यात जास्त बॉल नेटमध्येच टाकतो, कारण बॅट्समनला प्रॅक्टिस द्यायला बॉलर फुकटात मिळतो (हे बॉलरच्या आईबाबांना फार उशिरा कळतं). इंग्लंडच्या क्रिकेट बोर्डाने फास्ट बॉलर्ससाठी जी मर्यादा घातली त्यात १३ वर्षांपर्यंत एका स्पेलमध्ये (म्हणजे एका दमात) ५ ओव्हर आणि दिवसात १०, चौदा-पंधराव्या वर्षी ६ आणि १२, सलग दोन दिवसांपेक्षा जास्त नाही, आणि सात दिवसांत चारच दिवस बॉलिंग. घरी मोजताना नेटचे बॉलही धरा. आपल्याकडच्या कोचला हे अती वाटेल. वाटू दे. मुलाला खिशात साबुदाण्याएवढे मणी नाहीतर बटणं द्या, दर ओव्हरला एक दुसऱ्या खिशात टाकायचं, घरी आल्यावर मोजायचं. लहान मुलं हे आवडीने करतात.

आता पुण्याची खास गोष्ट. जून ते सप्टेंबर मैदानं ओली, बॉलर घरी, फार तर गच्चीत टेनिस बॉल. ऑक्टोबरला ऊन पडलं की एकदम सिलेक्शन, इन्व्हिटेशन मॅचेस, आणि मुलगा पहिल्याच आठवड्यात रोज पन्नास-साठ बॉल टाकायला लागतो, तेही कित्येकदा सिमेंटवर अंथरलेल्या मॅटिंगवर. दिवाळीच्या आगेमागे कंबर धरून येणाऱ्या बॉलर्सची रांग लागते ती ह्यामुळे. शरीराला ओझं सहन होतं, ओझ्यातली उडी सहन होत नाही. म्हणून पावसाळ्यातच ऑगस्टपासून, पार्किंगमध्ये का होईना, आठवड्यातून दोन दिवस अर्ध्या रनअपने दोन-तीन ओव्हर, आणि मग चार ते सहा आठवड्यांत हळूहळू चढवत नेणं. उन्हाळी शिबिराचंही तेच, वर्षभर आठवड्याला चार तास खेळणाऱ्याला एकदम रोज चार तास. बॅडमिंटनची गंमत उलटी, हॉल असल्यामुळे पावसात पण बंद नाही, त्यामुळे त्यांना सीझन संपणं ही गोष्टच नाही, सुट्टी तुम्हालाच ठरवून द्यावी लागते.

झोपही ह्याच हिशोबात धरा. अमेरिकेतल्या शाळकरी खेळाडूंच्या एका अभ्यासात आठ तासांपेक्षा कमी झोपणाऱ्यांना दुखापतीचा धोका १.७ पट निघाला. रात्री साडेनऊला क्लास सुटतो, अकराला झोप, पाचला उठ. सहा तास. ह्यावर कोणतीही प्रोटीन पावडर चालत नाही. दोन्हीपैकी एक बॅच सोडा, सरळ सांगते.

व्यायाम: दहा मिनिटं, आठवड्यात तीनदा

नॉर्वेच्या टॉप हँडबॉल टीम्समध्ये दहा मिनिटांचा खांद्याचा वॉर्मअप आठवड्यात तीनदा करून बघितला, सीझनभरात खांद्याचा त्रास २८ टक्क्यांनी कमी झाला (२०१७ मध्ये छापून आलेला अभ्यास). भारी मशीन वगैरे काही नव्हतं. आपल्याला एक थेराबँड (व्यायामाची ताणणारी रबरी पट्टी) लागतो आणि एक चटई.

थेराबँड दाराच्या कडीला बांधा. कोपर अंगाला चिकटलेलं, कोपर आणि बरगडीच्या मध्ये घडी केलेला नॅपकिन, तो पडू द्यायचा नाही. हात पोटापासून बाहेर, मग तीन मोजत हळू परत. पंधरा वेळा, दोन सेट. स्मॅश आणि सर्व्हमध्ये हात जोरात पुढे आणणारे स्नायू आपोआप तयार होतात, त्या हाताला ब्रेक लावणारे मागचे स्नायू मात्र कोणी तयार करत नाही, म्हणून हा व्यायाम सगळ्यात वर. परत येताना हळू येणं हाच खरा व्यायाम आहे, मुलं तिथेच घाई करतात. मग पोटावर झोपून दोन्ही हात डोक्याच्या वर तिरके आणि नंतर बाजूला, अंगठे छताकडे, खांद्यामागची पाती एकमेकांकडे ओढत, दहा-दहा वेळा उचलायचे.

साइड प्लँक, म्हणजे कुशीवर होऊन कोपरावर आणि पावलावर अंग सरळ उचलून धरणं, दोन्ही कुशींवर, वीस सेकंदापासून सुरुवात. फास्ट बॉलरला हा रोजच्या जेवणासारखा हवा. एक कूस दुसरीपेक्षा आधी थरथरते, ती लिहून ठेवा.

पायांसाठी तीच जिन्याची पायरी, आठ-दहा वेळा, आणि एका पायावर उभं राहून टाच उचलणं पंधरा वेळा. मग उडी मारून एका पायावर उतरायचं आणि तीन मोजेपर्यंत पुतळा. गुडघा किंचित वाकलेला, आवाज न करता. खालच्या मजल्यावरच्या आजींची तक्रार आली म्हणजे उतरणं चुकतंय असं समजा.

नियम एकच: सुरुवात कमजोर बाजूने, मजबूत बाजूचे तेवढेच, आणि शेवटी कमजोर बाजूचा एक जास्तीचा सेट. कमजोर बाजू म्हणजे न खेळणारी असं धरून चालू नका, बऱ्याच मुलांत खेळणाऱ्या खांद्याचाच मागचा भाग कमजोर निघतो.

खांद्याचा मागचा भाग आखडलेला निघाला असेल तरच, खेळून झाल्यावर हात छातीवरून समोर नेऊन दुसऱ्या हाताने ओढायचा, तीस सेकंद, तीन वेळा. खांद्यात पुढे टोचलं तर बंद.

आणि हे सगळं कंटाळवाणं वाटत असेल तर दुसरा खेळ लावा, ज्यात दोन्ही बाजू वापरल्या जातात. आपल्याकडे ह्याची कमी नाही. मल्लखांब आहे, तालमीत जोर-बैठका आहेत, टिळक रोडला महाराष्ट्रीय मंडळासारखी १९२४ पासूनची संस्था आहे, आणि खो-खोचे नियम तर १९१४ मध्ये डेक्कन जिमखान्यानेच बसवले. पोहणं चांगलं, पण आधीच खांदा दुखणाऱ्या सर्व्हवाल्याला तासभर फ्रीस्टाइल म्हणजे त्याच खांद्याला जादा ड्युटी, त्याला पाय मारत पोहू द्या. तळजाई किंवा वेताळ टेकडीवर चढ-उतार उत्तम. पर्वतीच्या १०३ पायऱ्या चढायला द्या, पळत उतरायला नको, गुडघे बोंबलतात.

उंची झपाट्याने वाढतीये? मग गिअर खाली

मुलींमध्ये साधारण बाराव्या आणि मुलांमध्ये चौदाव्या वर्षाच्या आसपास एक काळ येतो, वर्षाला आठ-दहा सेंटिमीटर. त्यात हाडं डेक्कन क्वीनने जातात आणि स्नायू मागून पॅसेंजरने येतात. मुलगा एकदम अडखळायला लागतो, सर्व्ह जात नाही, रनअप चुकतो, कोच म्हणतो लक्ष नाही. लक्ष असतं हो, पायच लांब झालेत. हाडाच्या टोकाशी जी वाढीची जागा असते ती ह्या काळात नाजूक असते, म्हणून गुडघ्याखालचा गोळा सुजून दुखणं, टाच दुखणं, फेकणाऱ्या मुलांत खांद्याचं किंवा कोपराचं दुखणं हे सगळं ह्याच वयात. वहीतल्या उंचीच्या खुणा म्हणून हव्यात: महिन्याला एक सेंटिमीटरच्या आसपास वाढ दोन-तीन महिने दिसली की उड्या, स्मॅश, फुल रनअप कमी करा, बॅलन्स आणि टेक्निक वाढवा. बाजूंमधला फरकही ह्या काळात वर-खाली होतो, त्या तीन महिन्यांतल्या आकड्यांवरून घाबरून जाऊ नका.

कधी थांबायचं आणि कोणाकडे जायचं

फास्ट बॉलर, कंबरेत एकाच बाजूला दुखतंय, त्या पायावर उभं राहून मागे वाकलं की जास्त दुखतं: बॉलिंग त्या दिवसापासून बंद. "दोन आठवडे बघू" नको. स्पोर्ट्स मेडिसिन किंवा ऑर्थोचे डॉक्टर, आणि एक्स-रे नॉर्मल आला म्हणून घरी येऊ नका, सुरुवातीचं स्ट्रेस फ्रॅक्चर एक्स-रेत बऱ्याचदा दिसतच नाही, एमआरआयबद्दल विचारा. लवकर सापडलं तर काही महिन्यांच्या विश्रांतीने हाड भरून येतं, उशीर झाला तर भरून येईलच असं नाही.

बाकीच्यांसाठी: रात्री झोपेतून उठवणारं दुखणं, सुजलेला सांधा, कोपर पूर्ण सरळ न होणं किंवा अडकणं, लंगडत खेळणं, हातात मुंग्या. ह्यातलं काहीही असेल तर डॉक्टर. नुसतं खेळल्यावर दुखतं आणि सकाळी बरं असतं, असं असेल तर आठवडाभर ओझं निम्मं करा, नाही कमी झालं तर दाखवा. पेनकिलर घेऊन मॅच खेळवू नका, नातेवाइकांतल्या मोठ्यांनी सुचवलेल्या हाड बसवणाऱ्याकडे तर वाढत्या वयाच्या मुलाला अजिबात नेऊ नका, वाढीच्या जागेवर दाब देणं म्हणजे खेळ नाही.

कोचशी कसं बोलायचं

हे सगळ्यात अवघड, मला माहितीये. सरांना वाटतं आईबाबा लाडावतायत. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तर विषय काढूच नका, बॅच संपल्यावर पाच मिनिटं मागा आणि आकडे घेऊन जा. "सर, त्याचं दुखतंय" असं म्हटलं की उत्तर येतं "थोडं दुखणारच". त्याऐवजी "सर, गेल्या महिन्यात त्याने नेटमध्ये आठवड्याला इतके बॉल टाकलेत, त्याच्या आधीच्या महिन्यात इतके होते, आणि तीन महिन्यांत उंची अडीच सेंटिमीटर वाढलीये, तर पुढचे तीन आठवडे नेटमध्ये दर खेपेला चार ओव्हरवर थांबवूया का?" असं विचारलं की बहुतेक कोच ऐकतात, कारण त्यांनाही मुलगा सीझनला उभा हवा असतो. न ऐकणारे असतात. एका आईला "मग बुद्धिबळ लावा ना ताई" असं ऐकावं लागलं होतं. तिने बॅच बदलली, आणि माझ्या मते बरोबर केलं.

दुखापतीनंतर परत जाताना तर हे बोलणं आधी करून ठेवाच, कारण डॉक्टर म्हणतात "आता खेळू शकतो" आणि कोचच्या कानावर पोचतं "आता पूर्ण खेळू शकतो". कागदावर लिहून द्या: पहिला आठवडा एक दिवसाआड, अर्धा वेळ, स्मॅश किंवा फुल रनअप नाही, पुढचा आठवडा वेळ तेवढाच, जोर थोडा जास्त, वेळ आणि जोर एकाच आठवड्यात दोन्ही वाढवायचे नाहीत, दुसऱ्या दिवशी सकाळी दुखलं तर एक पायरी मागे. मॅच सगळ्यात शेवटी, आणि ती मॅच सिलेक्शनची नको.